आधी जोड तापव

भाचीबाई, इलेक्ट्रॉनिक्सच्या किटमधला बोर्ड सध्या पिशवीतच राहू दे. घरात एखादा बंद पडलेला चार्जर, जुना रेडिओ, फुटकी टॉर्च असेलच. त्यातल्या तारा काप, टोकं सोल, पीळ दे आणि त्या एकमेकींना सोल्डरनं जोडायला शीक. मग एक झीरो पीसीबी, म्हणजे नुसत्या भोकांचा कोरा बोर्ड, आण आणि त्यावर नुसते रेझिस्टर लावत बस. रेझिस्टर स्वस्त असतो, उष्णता सहन करतो, उलटा लागला तरी बिघडत नाही. हात बसला की मग किट उघड. किटमधला एखादा ट्रान्झिस्टर जळला तर आरमोरीत दुसरा कुठे शोधशील? वडसा, ब्रह्मपुरी पालथी घातलीस तरी मिळेलच असं नाही, शेवटी नागपूरला सीताबर्डी गाठावी लागते. पुण्याच्या पोरीला तापकीर गल्ली आहे, मुंबईच्या पोराला लॅमिंग्टन रोड आहे. आपल्याकडे एका बीसी ५४७ साठी अख्खा दिवस आणि बसचं भाडं जातं. म्हणून आपला हात त्यांच्यापेक्षा जरा जास्तच नीट बसायला हवा.

सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं पुरे. पन्नास-साठ वॅटचं घेऊ नकोस, ते जाड तारांसाठी आणि पत्र्यासाठी. किटच्या बोर्डावरची तांब्याची पट्टी फार पातळ असते. जास्त तापली की बोर्डापासून सुटते, आणि एकदा भोकाभोवतीचं पॅड उचकटलं की ते परत पहिल्यासारखं बसत नाही. पिन तीनची बघून घे, म्हणजे अर्थिंग मिळेल. दोन पिनांच्या स्वस्त आयर्नच्या बिटाला, म्हणजे तापणाऱ्या टोकाला, हात लावला की कधीकधी मुंग्या येतात, आणि तीच वीज आयसीच्या पायातून जाते.

आता एक गोष्ट सांगतो, ती किटच्या कागदावर छापलेली नसते. आपल्याकडे संध्याकाळी गावातले दिवे, पंखे, मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. २३० चं १८० झालं तर तुला वाटेल, पाचवा हिस्साच तर गेला. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते, त्यामुळे २५ वॅटचं आयर्न जेमतेम १५ वॅटचं उरतं. असा बिट सोल्डरची तार वितळवतो, पण पॅड आणि पार्टचा पाय तापवायला कमी पडतो. जोड वरून झालेला दिसतो आणि आत काहीच चिकटलेलं नसतं. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकला. तेव्हा बसण्याआधी छताच्या पंख्याकडे बघ. तो रेंगाळत फिरत असेल तर त्या वेळी आयर्न लावूच नकोस. सकाळी लवकर बस, तेव्हा वीजही बरी असते आणि उजेडही.

सोल्डरची तार ०.८ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, आतून रोझिन भरलेली घे. रिळावर ६३-३७ लिहिलेलं असेल तर उत्तम. म्हणजे ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. हे मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम थिजतं. ६०-४० सुद्धा चालते, फक्त ती थिजताना काही अंश अर्धवट मऊ राहते, आणि नेमक्या त्या वेळी बोर्ड हलला तर जोड दाणेदार होतो. बिनशिशाची तार २१७ अंशांच्या पुढे वितळते. तिला २५ वॅटचं आयर्न आणि नवा हात दोन्ही पुरत नाहीत, ती पुढे बघू. दुकानदार गोल डबीतली पेस्ट हमखास पुढे करेल, ती घेऊ नकोस. तारेच्या पोटातलं रोझिन किटला पुरून उरतं. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट तर बोर्डाजवळही आणू नकोस, ती तांबं खाते, आणि पावसाळ्यात महिन्याभरात ट्रॅक हिरवे पडतात.

बिटाची निगा हे अर्धं काम आहे. तू लहान होतीस तेव्हा आजीकडे कल्हईवाला यायचा, आठवतो का? भाता मारून तो आधी भांडं तापवायचा, मग नवसागर टाकायचा, आणि मग कथलाचा तुकडा टेकवून कापसानं फिरवायचा. क्षणात काळं भांडं पांढरं व्हायचं. तुझ्या टेबलावर तेच काम बारीक मापात चालतं. भांड्याच्या जागी पॅड, नवसागराच्या जागी रोझिन, कथील तेच. भांडं थंड असताना त्यानं कधी कथील टेकवलं नाही, ते लक्षात घे. सगळी विद्या त्या क्रमात आहे.

बिटाला आधी अशीच कल्हई करायची. नवा बिट पहिल्यांदा तापत असताना तार हातात धरूनच बस. तार वितळायला लागली की टोकावर चारी बाजूंनी फिरव. टोक चकचकीत झालं पाहिजे. हे केलं नाहीस आणि बिट तसाच तापत ठेवलास, तर टोक काळं पडतं, आणि काळ्या टोकावर सोल्डर थांबत नाही, गोळी होऊन घरंगळतं. काम करताना दर थोड्या वेळानं ओल्या सुती फडक्यावर टोक पूस आणि लगेच थोडी तार लाव. फडकं ओलसर हवं, निथळणारं नको. उठताना टोकावर सोल्डरचा थर ठेवून मगच आयर्न बंद कर. पुसून स्वच्छ ठेवलेला बिट दुसऱ्या दिवशी काळा सापडतो.

कानस मात्र लावायची नाही. आमच्या उमेदीच्या काळात बिट निखळ तांब्याचे असत. कथील तांब्याला हळूहळू विरघळवतं, टोकाला खळगा पडायचा, आणि आम्ही तो कानशीनं घासून पुन्हा धार काढायचो. हल्लीच्या बहुतेक बिटांवर लोखंडाचा पातळ थर असतो, तोच बिटाचं आयुष्य. कोणी जुना कारागीर सांगेल की घास, तर त्याच्या मानाला धक्का न लावता ऐकून घे आणि घासू नकोस.

आता जोड. रेझिस्टरचे पाय वाकवून भोकातून घाल आणि मागून थोडे फाकव, म्हणजे बोर्ड उलटा केला तरी तो पडत नाही. बोर्ड उलटा करून पाटावर घट्ट बसव. उजव्या हातात आयर्न, डाव्यात तार. बिट टेकवताना नुसतं अणकुचीदार टोक टेकवू नकोस. त्याची बाजू अशी लाव की ती पॅडलाही भिडेल आणि पायालाही. मनात एक, दोन म्हण. मग तार समोरच्या बाजूनं पायाच्या बुडाशी लाव, बिटाला नाही. पॅड तापलं असेल तर तार आपसूक वितळते. डोळे तिथेच ठेव. आधी एका कडेला थोडंसं सोल्डर थबकतं, रोझिनचा धूर निघतो, आणि मग एका झटक्यात ते पायाभोवती गोल फिरतं, मळकट पॅड कडेपासून कडेपर्यंत लखलखतं. बस, झालं. आधी तार काढ, मग बिट. सगळं मिळून तीन-चार सेकंद. फुंकर मारू नकोस, दोन श्वास बोर्डाला हात लावू नकोस. आणि पाय सोल्डर थिजल्यावरच काप. कापताना वर दुसऱ्या हाताचा तळवा धर, नाहीतर तुकडा थेट डोळ्यात उडतो.

नवशिके सगळे एकाच जागी अडतात. ते बिटावर सोल्डरचा थेंब घेतात आणि तो पॅडवर नेऊन ठेवतात. वाटेतच रोझिन जळून जातं, थेंब थंड पॅडवर पडतो, वर बसतो, चिकटत नाही. टीव्ही, रेडिओ दुरुस्त करणारे याला ड्राय सोल्डर म्हणतात. थाप मारली की सुरू होणारा आणि पुन्हा बंद पडणारा सेट तू पाहिला असशील, त्यातल्या बऱ्याच सेटांचं दुखणं हेच. चांगल्या जोडाच्या कडा पॅडवर पातळ होत उतरतात आणि पायाकडे चढतात. वाईट जोड गोल फुगलेला असतो, किंवा मळकट दाणेदार, किंवा पायाभोवती केसाएवढी काळी रेघ दाखवतो. ती रेघ भिंगातून बघायची सवय लाव. मल्टिमीटर अशा जोडावर खुशाल बीप देतो आणि आपल्याला फसवतो.

असा जोड पकडायला आपल्याकडे एक सोपं हत्यार आहे, बांबूची कमची. बुरडाकडे टोपल्या विणताना पडलेली एखादी घे, एक टोक चपटं तास, दुसरं अणकुचीदार कर. सर्किट चालू असताना या टोकानं एकेक पार्ट हळूच दाब. ज्याला दाबल्यावर एलईडी मिटतो किंवा पेटतो, त्याचा जोड कच्चा. कोरडी कमची वीज वाहत नाही, उष्णता वाहत नाही, सोल्डर तिला चिकटत नाही. तापलेला पार्ट दाबून धरायलाही तीच. गडचिरोलीच्या बांबूवर मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं २०११ साली आपला हक्क वापरून दाखवला, त्याची बातमी देशभर गेली. त्याच जंगलातली काडी तुझ्या टेबलावर फुकट आहे, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या काडीला पैसे कशाला घालायचे? मात्र हे फक्त बॅटरीवरच्या सर्किटला, घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या उघड्या वस्तूत कमचीही नको.

काढायलाही शीक, लावण्याइतकंच मन लावून. डिसोल्डर पंप आण. सोल्डर वितळव, पंपाची नळी टेकव, बटण दाब. जुना कोरडा जोड नीट वितळत नसेल तर आधी त्यावर थोडी नवी तार लाव, ताज्या रोझिननं सगळं एकजीव वितळतं आणि मग पंप ते उचलतो. हे उलटं वाटतं, पण करून बघ. पार्ट कधी ओढून काढायचा नाही, पॅड सोबत येतं. भंगारातल्या बोर्डांवर याचा भरपूर सराव होतो आणि पार्टही हाती लागतात.

किटमध्ये आधी बुटके पार्ट लावायचे, मग उंच. जंपर, रेझिस्टर, आयसीचं सॉकेट, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, शेवटी एलईडी आणि बॅटरीच्या तारा. पहिलं किट दोन ट्रान्झिस्टरचं, दोन एलईडी आळीपाळीनं लुकलुकणारं घे. ५५५ आयसीचंही सोपं आहे. हान्स कामेनझिंद यांनी १९७१ मध्ये आखलेली ती आयसी अजून जगभर शिकणाऱ्यांच्या हातात आहे. पण दोन ट्रान्झिस्टरवाल्या किटमध्ये काम कसं चालतं ते डोळ्यांना दिसतं. ४७ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतील तर दिव्यांचा सेकंदात साधारण दीड फेरा होतो. ते कपॅसिटर काढून ४७ चे लाव, एक फेरा तीन सेकंदांचा होईल. काढायचा सराव झाला आणि वेळ कशी ठरते तेही कळलं. एलईडीचा लांब पाय प्लसचा, कपॅसिटरवर पट्टा असलेली बाजू मायनसची. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडीला ४७० ओहम, म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी.

दुसरं किट अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्याचं कर, उजेड ओळखणाऱ्या एलडीआरचं. ते गोठ्यात टांग, उगाच खेळणं म्हणून पडून राहणार नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी १९८३ पासून हेच चालवलं, मुलांनी हातानं काम करत शिकावं आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावं. मला त्यात फार तथ्य वाटतं. एफएम रेडिओचं किट तिसरं. आकाशवाणी चंद्रपूर आरमोरीत कशी लागते, ते तूच मला सांग.

बसायची जागा. जमिनीवर मांडी घालून बसू नकोस, गरम आयर्न निसटलं तर थेट मांडीवर येतं. टेबल नसेल तर चौरंग घे आणि तू बाजूला स्टुलावर बस. आयर्नला स्टँड हवाच, नसेल तर जुन्या टाईलवर जाड तारेचं वाकवून कर. वायर पायात येणार नाही अशी भिंतीकडून घे. अंगात सुती कपडे, केस बांधलेले. छताचा पंखा बंद, तो जोड थंड करतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हे सांगणं जुलमाचं आहे, ठाऊक आहे मला, म्हणूनही सकाळची वेळ. धूर शिशाचा नसतो, रोझिनचा असतो, पण छातीला वाईटच. खिडकीशी बस, डोकं थेट वर आणू नकोस. भाजलं तर दहा-वीस मिनिटं गार पाण्याच्या धारेखाली धर. हळद, टूथपेस्ट काही नको.

शिसं नाकातून नाही, हातातून पोटात जातं. तार दातात धरायची नाही, कामावर असताना खायचं नाही, उठल्यावर साबणानं हात धुवायचे. तुझ्या भावाला आणि त्याच्या मित्रांना हे जास्त ठासून सांग, कारण आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत खर्रा पोरांच्या खिशात असतो. २०१६ पासून मुक्तिपथची माणसं हा तंबाखू सुटावा म्हणून गडचिरोलीत गावोगाव फिरताहेत. सोल्डर धरलेल्या तळव्यावर खर्रा घोटणं म्हणजे तंबाखूत शिसं मिसळून खाणं. माझ्याकडे शिकायला बसणाऱ्याचा खर्रा आधी बाहेर जातो, मग तो आत येतो.

पावसाळ्यात पार्टचे पाय काळवंडतात. लावण्याआधी ब्लेडच्या पाठीनं हलकेच खरवड, धातू दिसला की लाव. किट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाक. काम झाल्यावर बोर्डाची मागची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशनं घास. तेव्हा आयर्न बंद आणि थंड असलं पाहिजे, अल्कोहोल पेट घेतं.

हात बसल्यावर लोक टॉर्च घेऊन येतील. आनंदानं कर. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात सांजवेळी वावराकडे जाणाऱ्याच्या हातातला उजेड ही चैनीची गोष्ट नाही, वाघ आहे, अस्वल आहे. तुमच्या गडचिरोलीकडे २०२१ पासून हत्तीही आले. बहुतेक टॉर्चमध्ये बॅटरीकडची तार तुटलेली असते किंवा स्विचचा जोड सुटलेला. पण ज्या स्वस्त टॉर्चची पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये जाते, तिच्यात बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर व्होल्टेज उतरवतो. लावलेली असताना तिचा प्रत्येक जोड २३० व्होल्टचा समजायचा. काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते. पिन काढ, थोडा वेळ जाऊ दे, मग उघड, तरी त्या कपॅसिटरच्या पायांना बोट लावू नकोस. लिथियम सेलच्या अंगावर थेट आयर्न लावायचं नाही, सेल आतून तापला तर पेटतो. त्यावर आधीपासून पट्टी असेल तर तिच्यावर जोड.

आणि कोणी शेताच्या कुंपणाचं झटका मशीन आणलं तर उघडू नकोस, निदान अजून दोन वर्षं नाही. ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, पण आतला कपॅसिटर शेकडो व्होल्टला भरलेला असतो. त्याला सांग, आधी अर्थिंगचा रॉड बघा, तारेला टेकलेलं ओलं गवत कापा. बऱ्याचदा मशीन ठीक असतं, रोग तिथेच निघतो. मशीन दर सेकंदाला एक निमिषमात्र झटका देतं, डुक्कर पळतं, मरत नाही. पण एखादा म्हणेल, मशीन राहू दे, पोलवरून थेट वायर जोडून दे, तू शिकली आहेस ना. त्याला तोंडावर नाही म्हण, तो काका असला तरी. त्या तारेत डुकराबरोबर वाघ मरतो, शेजारचा माणूस मरतो, पहाटे पाणी बघायला गेलेला घरचाच माणूस मरतो. जोडणाराही गुन्ह्यात येतो, वीज कायद्यात आणि वन्यजीव कायद्यातही. तेवढ्यावर थांबू नकोस, घरी बाबांना सांग, म्हणजे गावात वेळेवर कळेल.

दिवाळीला येशील तेव्हा लुकलुकणारं किट आणि तो गोठ्याचा दिवा, दोन्ही घेऊन ये. मी आधी मागची बाजू बघणार आहे, तेव्हा तिला टेप लावू नकोस. सोल्डरचं पुढचं रीळ मात्र तिकडे विकत घेऊ नकोस, माझ्याकडे ६३-३७ ची दोन आहेत, एक तुझ्यासाठी काढून ठेवलंय.